शांतीभाभीकडे ठेवलेलं हँडल

हेमकांतदादांना आमच्या गावात जेवढ्या शिव्या पडल्या, तेवढ्या सरपंचालाही पडल्या नसतील. आणि शिव्या देणारी माणसं कोण, तर पाइपलाइन टाकायची म्हटली की ज्यांच्या तोंडी दुसरं नावच येत नसे तीच. काम यांच्याकडूनच करून घ्यायचं आणि पाणी सोडायच्या आदल्या दिवशी यांच्याच नावानं खडे फोडायचे, हा गावाचा शिरस्ता होता. दादा ऐकून घेत आणि तंबाखूची चिमूट गालात सारून पुढच्या सांध्याकडे वळत.

आमचं गाव तापीकाठी, प्रकाशा गावाच्या थोडं अलीकडे. बॅरेज झाल्यापासून नदीत बारमाही पाणी असतं, त्यामुळे ज्याला त्याला आपली लाइन नदीतून शेतापर्यंत न्यायची असते. केळी, ऊस, कापूस, सगळं त्या प्लास्टिकच्या पाइपावर जगतं. नदीपासून शेतापर्यंत पाइपाला पाइप जोडत जायचं, आणि जिथं पाइप संपतो तिथं सांधा. एवढ्या सांध्यांत एक जरी गळला तरी माती खचते, दाब कमी होतो आणि शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतात. उन्हाळ्यात पडीक रानात कुठे हिरव्या गवताचा तुकडा दिसला की समजायचं, खाली कुणाचा तरी सांधा गळतोय. बकऱ्यांना अशा जागा बरोबर ठाऊक असतात. दादांनी टाकलेल्या लाइनीवर बकऱ्या फिरकत नसत.

भाऊकीतल्या नात्यानं मी त्यांची धाकटी भावजय. आमचं घर आणि त्यांचं घर वरल्या गल्लीत समोरासमोर. जेठ, म्हणजे थोरले दीर, म्हणून मी त्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही, पण जिभेवर काही पदर नव्हता, हे मी कबूल करते. एवढे का आडमुठे, असं मी त्यांना त्यांच्या तोंडावर विचारलेलं आहे. त्यावर ते हसले नाहीत की रागावले नाहीत. आम्ही गुजर, घरात गुजरी बोलतो, पण दादा बोलायचे ते अहिराणीच, कारण त्यांचा सारा दिवस पाइपासाठी चारी खोदणाऱ्या माणसांत जायचा.

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. पाइप कापायच्या आधी ते जुन्या वर्तमानपत्राची पट्टी त्याच्याभोवती घट्ट गुंडाळत आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवत. काप वाकडा गेला की पाइप पुढच्या पाइपाच्या तोंडात पूर्ण टेकत नाही, हे त्यांचं म्हणणं. मग कापलेल्या कडेचा भुसा कानशीनं काढायचा, पॉलिश पेपर घासून पाइपाची चकाकी घालवायची, कोरड्या फडक्यानं पुसायचं. फडकं त्यांच्या बायकोच्या, शांतीभाभीच्या, जुन्या साडीचं असे. किती आत जायला हवा तिथं पाइपावर खूण करायची. मग चिकटवायचं सोलुशन, तोंडाच्या आतल्या अंगाला पातळ आणि पाइपावर जरा हात सोडून. पाइप आत दाबताना किंचित पिळायचा आणि तसाच धरून ठेवायचा, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. दादा मनातल्या मनात एक आरती म्हणून होईपर्यंत पाइप सोडत नसत. भर दुपारी त्यांनी कधी सांधा जोडला नाही. उन्हात सोलुशन पाइप आत जायच्या आधीच वाळतं आणि वरवर चिकटल्यासारखं दिसतं.

इथपर्यंत कुणाची तक्रार नसे. तक्रार पुढे सुरू व्हायची. शेवटचा सांधा जोडला की मालकाला वाटायचं, आता मोटर चालू करावी. पिकं माना टाकून उभी असतात, शेतीची लाइट आठवड्याला वेळ बदलते, नारळ आणून ठेवलेला असतो. आणि दादा काय करत, तर व्हॉलचं, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेचं, हँडल स्क्रू खोलून काढत, पिशवीत टाकत आणि घरी घेऊन जात. हँडलाशिवाय व्हॉल उघडत नाही. उद्या या, म्हणत.

"सांधाले हात लावू नका. एक रात त्याले पडू द्या," एवढं एक वाक्य बोलून ते सायकलवर बसायचे.

पण घरी नेलेलं हँडल ते स्वतःजवळ ठेवत नसत. ते शांतीभाभीला देत. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला एक खिळा होता, त्याला ते हँडल लटकायचं. लोक दादांना ओळखून होते, त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून ते भाभीला पटवायला यायचे. कुणी पपई आणायचं, कुणी केळीचा घड. भाभी सगळ्यांना पाणी द्यायची, घरच्या पोराबाळांची चौकशी करायची आणि हँडल द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी माणूस आला की खिळ्याकडे हात नेण्याआधी ती विचारायची, "रात पुरी व्हयनी का?" समोरच्यानं हो म्हटल्यावरच हँडल त्याच्या हातात पडायचं. खरं तर रात्र सरली की नाही हे तिला काय माहीत नव्हतं? पण विचारल्याशिवाय तिनं कधी दिलं नाही.

आमची लाइन टाकली तेव्हा माझ्या नवऱ्यानं, म्हणजे योगेंद्रनं, मलाच तिच्याकडे पाठवलं होतं. केळीची नवी लावण होती, ऊन मी म्हणत होतं. मी ताज्या सांजोऱ्यांची ताटली घेऊन गेले. भाभीनं दोन सांजोऱ्या खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाली, उरलेल्या दादांसाठी झाकून ठेवल्या आणि मला रिकामी ताटली परत दिली. मी तेव्हा चिडले होते. नंतर दोघींना ते आठवून कितीदा हसू आलं.

ती आमची लाइन वरल्या गल्लीच्या मागून जाते. दादांनी तेव्हा एक गोष्ट केली. त्यांच्या परसामागे, बरोबर त्यांच्या भिंतीच्या रेषेत, त्यांनी आमच्या पाइपात एक टी बसवली. टी म्हणजे तीन तोंडांचा तुकडा. दोन तोंडं आमच्या लाइनीत आणि तिसरं तोंड टोपण लावून बंद. योगेंद्रनं आनंदानं होकार दिला होता. पुढे कधी तरी तिथून पाइप काढून भाभीच्या दारात नळ आणायचा, असा बेत होता. टी जमिनीत गाडली गेली आणि त्यावर एरंड उगवला.

त्यांच्या घरी नळ नव्हता, हे मी सांगायला हवं. ग्रामपंचायतीचा नळ वरल्या गल्लीच्या टोकाला येईपर्यंत दम टाकायचा. आमच्याकडे करंगळीएवढी धार यायची, पुढे त्यांच्या घरी नुसती हवा. भाभी मारुतीच्या देवळाजवळच्या हापशीवरून पाणी आणायची. लग्न होऊन आली तेव्हापासून आणायची. देवळापासून आमच्या गल्लीपर्यंत चढण आहे. कंबरेवर पितळी हंडा घेऊन ती चढायची आणि माझ्या ओट्यावर हंडा टेकवून श्वास घ्यायची. मग आमच्या गप्पा. दादा सगळ्या तालुक्याच्या शेतात पाणी नेऊन सोडत आणि त्यांची बायको हापशीवर, यावरून मी त्यांना किती टोमणे मारले असतील. ते म्हणत, आखाजी होऊ दे.

आमच्याकडे आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खानदेशात तिच्याएवढा सण नाही. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. पण पाइपाचा हंगामही तोच. पावसाळ्यात चारी खोदता येत नाही, हिवाळ्यात रब्बी उभी असते. शेतं मोकळी होतात ती फाल्गुनापासून आखाजीपर्यंत, आणि तेव्हा दादांना लोक श्वास घेऊ देत नसत. आखाजी सरली की वळवाची भीती. असं करत दर वर्षी ते भाभीला सांगायचे, "आखाजीले तुन्हा दारमा पानी आनी देसू." ती विचारायची, कोणती आखाजी तेवढं सांगा. तिचा राग नव्हता. लोकांची पिकं जळत असताना आपल्या दारात खोदत बसणं तिला पटलंही नसतं. तरी नळ कुठं बसवायचा ती जागा तिनं ठरवून ठेवली होती, ओट्याच्या उजव्या अंगाला, तुळशीजवळ. तिथं तिनं एक फरशी आणून टाकली होती.

मागच्या पोळ्यानंतरची गोष्ट. सकाळी भाभी हापशीवरून आली, नेहमीसारखा हंडा माझ्या ओट्यावर ठेवला आणि बसली. छातीत काही तरी दुखतंय म्हणाली. मी आतून पाणी आणेपर्यंत तिचा चेहरा पांढरा पडला होता. योगेंद्रनं गाडी काढली, नंदुरबारचा रस्ता धरला. दादा कुणाच्या तरी मळ्यात मोटर बसवत होते, त्यांना वाटेतूनच उचललं. नंदुरबार यायच्या आधीच ती गेली. दादांच्या मांडीवर गेली, एवढंच काय ते बरं झालं.

तिचा हंडा माझ्या ओट्यावर भरलेलाच राहिला होता. तिला घरी आणल्यावर बायकांनी पाणी तापवायला घेतलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं आणि तोच हंडा उचलून नेला. तिला शेवटची अंघोळ तिनंच आणलेल्या पाण्यानं घातली. मला तेव्हा काही सुचत नव्हतं, नाहीतर मी ते होऊ दिलं नसतं. 

त्यानंतर दादांनी पाना हातात घेतला नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. लोक येऊन ओट्यावर बसत आणि चहा पिऊन परत जात. शहाद्याकडची दुसरी माणसं येऊन लाइनी टाकू लागली. सांधे जोडून तासाभरात मोटर चालू करणारी माणसं. लोकांना ते आवडलं. दादांच्या घरातला खिळा रिकामा राहिला. त्यांची एकुलती एक लेक मयूरी पुरुषोत्तमनगरला दिलेली आहे, जावई साखर कारखान्यात आहे. ती आठ-पंधरा दिवसांनी येऊन धान्य निवडून, पिठं दळून ठेवून जायची. आमच्याकडे चला म्हणायची. ते नाही म्हणायचे.

चैत्रात मयूरी आली ती आखाजीचं बोलायला. ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं असेल, त्या घरी आखाजीला त्याच्या नावाची पहिली घागर भरतात. कुंभाराकडची कोरी मातीची घागर, तिच्यात ताजं पाणी, वर आंबा आणि डांगर, म्हणजे आमच्याकडचं खरबूज. पुरणपोळीचा नैवेद्य होतो, चुलीतल्या विस्तवावर घास टाकतात, त्याला आगारी म्हणतात. गेलेल्या माणसाची तहान त्या पाण्यानं भागते, अशी आमची समजूत आहे. मयूरीनं विचारलं, घागर किती मोठी आणायची.  दादा म्हणाले, घागर कोणतीही आण, पाणी दारातल्या नळाचं असेल.

मला हे मयूरीनं सांगितलं आणि मी मनात म्हटलं, चला, माणूस उठला. दुसऱ्याच दिवशी ते आमच्याकडे आले. योगेंद्रला म्हणाले की तुझ्या लाइनीतली ती टी आता मला लागणार. जन्मभर तिनं पाणी वाहिलं, निदान ही पहिली घागर तरी वाहिलेल्या पाण्याची नको, एवढी एकच इच्छा आहे. हे त्यांनी खाली बघत, अगदी सावकाश सांगितलं. योगेंद्रचे डोळे भरून आले, म्हणून तो उगीच गुरांकडे निघून गेला.

चारी खोदायला त्यांना खात्या हवा होता. खात्या मोलगीकडचा भिल्ल, दादांच्या कामावर वर्षानुवर्षं पहार मारत आलेला. पण तो होळीला गावी गेला की लवकर परतत नाही. होळी, मग नातेवाइकांची लग्नं, मग मोहाची फुलं वेचायची. दुसरा माणूस लावा, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. दादांनी ऐकलं नाही. हा माझा आडमुठा जेठ, दुःखातही आडमुठाच राहिला.

खात्या आला तेव्हा आखाजी तोंडावर होती. शांतीभाभीचं त्याला वाटेतच कळलं होतं. तो दारात आला, आत बघितलं आणि पहार घेऊन परसामागे गेला. एरंड उपटला, खणलं, टी सापडली. टोपण काढलं तर आतला सांधा नवा असावा तसा. पण परसाकडून अंगणाकडे येताना जमिनीत कडक मुरूम लागला आणि खात्याचे दिवस त्यातच गेले. आखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी शेवटचा पाइप अंगणात आला. दादा एकेक सांधा जोडत येत होते, पट्टी, पेन्सिल, कानस, भाभीच्या साडीचं फडकं, सगळं पहिल्यासारखं. बेत असा होता की उन्हं उतरल्यावर शेवटचा सांधा जोडायचा, रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी पाणी सोडायचं.

शेवटचा सांधा अंगणाच्या कोपऱ्यात होता, जिथं पाइप वळून नळाकडे चढतो. तिथं कोपराचा तुकडा बसवायचा. दादांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि खाली ठेवला. तुकड्याला बारीक तडा होता. परसात उन्हात पडून पडून तो गेला असणार. दुसरा कोणी असता तर त्यानं सोलुशनचा जाड हात मारून तोच बसवला असता. दादांनी तो कुंपणापलीकडे फेकला. प्रकाशातलं पन्नालाल शेठचं पाइपांचं दुकान तोवर बंद झालेलं होतं, सणाच्या आदल्या दिवशी कोण बसतो. त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत.

आखाजीला सकाळी योगेंद्र मोटरसायकलवरून गेला, शेठला घरून उठवून दुकान उघडायला लावलं आणि तुकडा घेऊन आला. तोवर ऊन अंगणात आलं होतं. दादांनी घाईघाईत खात्याला चादर धरून सावली करायला लावली आणि सांधा जोडला. नळाच्या आट्यांवर टेफलॉनची पट्टी गुंडाळली, नळ बसवला. आणि मग सवयीनं ते परसात जाऊन टीपाशी नव्यानं बसवलेल्या व्हॉलचं हँडल काढून घेऊन आले.

मी समोरच्या ओट्यावरून बघत होते. गल्लीत झोक्यावर पोरी गाणी म्हणत होत्या. मयूरीनं कोरी घागर धुऊन पुसून तुळशीजवळच्या फरशीवर ठेवली होती, हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. आत पुरण शिजत होतं. त्या आठवड्यात शेतीची लाइट दुपारी बारापर्यंतच होती, आणि आगारी त्याआधीच टाकायची असते. योगेंद्र दादांना म्हणाला की सांध्याला आजचा दिवस द्या, घागर आज हापशीच्या पाण्यानं भरू, नळ उद्या उघडू, भाभी काही रागावणार नाही. दादांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ते हँडल हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. मला वाटलं, खिळ्याला लावायला गेले. मयूरी नंतर सांगत होती की ते खिळ्यासमोर उभे राहिले होते. किती तरी वेळ नुसते उभे. मग तसेच माघारी आले, हँडल हातातच, आणि परसाकडे गेले. योगेंद्रला त्यांनी मोटर चालू करायला सांगितली. आमच्यापैकी कुणाचीही त्यांना अडवायची हिंमत झाली नाही. जन्मभर त्यांना घाई करायला सांगणारे आम्ही, थांबा म्हणायची आम्हाला सवयच नव्हती.

आधी नळातून हवा आली, मग पाणी आलं. चांगली मनगटाएवढी धार. गल्लीतल्या बायका जमा झाल्या, कुणी हात जोडले, कुणी डोळे पुसले. मयूरीनं घागर पुढे धरली. अर्धी भरली असेल तेवढ्यात तिनं ती खाली ठेवली आणि ओंजळीत पाणी घेऊन नाकाजवळ नेलं. पाण्याला सोलुशनचा वास येत होता. ओल्या सांध्यावरून आलेलं पाणी ते. मी पण हातात घेऊन बघितलं, डोक्यात जाणारा वास होता.

मयूरी हळूच म्हणाली, "माय हाई पानी पेवाव नही."

दादा परसातून आलेच होते, त्यांनी ते ऐकलं. ते काही बोलायच्या आत नळाची धार बारीक झाली. अंगणाच्या कोपऱ्यात माती फुगली, तिच्यातून आधी बुडबुडे आले आणि मग गढूळ पाणी वाहायला लागलं. कोपराचा सांधा सुटला होता. पाणी फरशीखाली गेलं, तुळशीच्या बुडाशी साचलं, दारातून गल्लीत आलं. हेमकांतदादांच्या हातचा सांधा गळताना गावानं पहिल्यांदा बघितला, तोही त्यांच्याच अंगणात. झोक्यावरची गाणी थांबली. 

योगेंद्र मोटर बंद करायला धावला. मयूरीनं घागरीतलं पाणी ओतून टाकलं. मग ती आत गेली आणि आईचा पितळी हंडा घेऊन बाहेर आली. कंबरेवर घेतला आणि मारुतीच्या देवळाकडे उतरायला लागली. मी म्हटलं, थांब, मी जाते. ती थांबली नाही.

दादा ओट्यावर बसले. हँडल अजून त्यांच्या मुठीतच होतं. मयूरी चढण चढून वर येताना आम्हा सगळ्यांना दिसली. तीच कंबर, तोच हंडा, तसाच एक हात मोकळा. ती माझ्या ओट्यापाशी आली आणि तिनंही हंडा तिथंच टेकवला. तिला कुणी शिकवलं नव्हतं. दादांनी तोंड फिरवलं.

मी त्यांच्यापाशी गेले. पदर सावरायचंही मला भान नव्हतं. मी रागावलेच होते, खरं सांगते. म्हटलं, दादा, लोकांना रात्रभर थांबवणारे तुम्ही, तुम्हाला आजच्या दिवसाचं भान कसं राहिलं नाही.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोकेसनं हँडल तिनाजोडे ऱ्हाये. मन्हं हँडल मी कोनाजोडे ठेवतू?"

 मी तिथंच खाली बसून रडले.

घागर हापशीच्या पाण्यानं भरली. वर आंबा ठेवला, डांगर ठेवलं. दादांनी आगारी टाकली, भाभीचं नाव घेतलं. मेल्यावरसुद्धा तिच्या वाट्याला वाहून आणलेलंच पाणी आलं, आणि या वेळी ते तिच्या लेकीनं वाहिलं. पुरणपोळी कुणाला गोड लागली नाही. मी मागं राहून भांडी घासली आणि उगीच खात्यावर ओरडले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, तो नुसता चारीच्या कडेला बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी तो कोपराचा तुकडा कापून काढला. चिखल उपसून जागा कोरडी होऊ दिली. योगेंद्रनं पन्नालाल शेठकडून दुसरा तुकडा आणला. या वेळी त्यांनी घाई केली नाही, उन्हं पुरती उतरेपर्यंत वाट पाहिली, मगच सांधा जोडला आणि एक आरती होईपर्यंत धरून ठेवला. मी दिवा लावत होते तेव्हा ते आमच्या ओट्यासमोर येऊन उभे राहिले. ते माझ्याकडे असे कधी येत नसत, काही सांगायचं तर योगेंद्रला हाक मारत. मी पदर पुढे घेतला. त्यांनी ओट्याच्या कडेवर हँडल ठेवलं.

"रात पुरी व्हस तोपावत देजो नको. मी मांगं तरी," ते म्हणाले आणि गेले.

माझ्या स्वयंपाकघरात खिळा नव्हता. मी ते देवाच्या कोनाड्यात ठेवलं. जेवणं झाल्यावर मला अंगणात चाहूल लागली. दादा आमच्या दारापर्यंत आले होते. थोडा वेळ थांबले, हाक मारली नाही, परत गेले. मी आत बसून राहिले. मागितलं असतं तरी मी दिलं नसतं.

सकाळी मयूरीला पुरुषोत्तमनगरला परत जायचं होतं, ती पिशवी भरत होती. उन्हं घरांवर आल्यावर दादा आले. मी कोनाड्यातून हँडल आणून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते घेतलं नाही. नुसते उभे राहिले, डोळे खाली, हात बाजूला. मला आधी कळेना. परत चिडायच्या बेतात होते मी. मग माझ्या लक्षात आलं.

"रात पुरी व्हयनी का?" मी विचारलं.

"व्हयनी," ते म्हणाले. मग त्यांनी हात पुढे केला.

थोड्या वेळानं समोर पाणी पडायचा आवाज आला. मी ओट्यावर आले. तुळशीजवळच्या फरशीवर भाभीचा हंडा ठेवलेला होता आणि त्यात नळाची धार पडत होती. अंगणाचा कोपरा कोरडा होता. दादा ओट्याच्या पायरीवर बसले होते आणि मयूरी दारात उभी होती. हंडा भरला, काठावरून वाहायला लागला, फरशीवरून पाणी अंगणात पसरलं. थेंब वाया गेला तर जीव जायचा त्या माणसाचा, पण ते उठले नाहीत. शेवटी मीच जाऊन नळ बंद केला.